साडेनऊ हजार फेरे

मध्यंतरी ऑफिसच्या कामासाठी तीन महिने तोक्योला होतो. सोमवार ते शुक्रवार ऑफिस, हॉटेल आणि कोपऱ्यावरच्या दुकानातला गरम करून मिळणारा भात. शनिवारी काय करायचं हा प्रश्न. टीममधले बाकीचे लोक डिस्नेलँड, फुजी वगैरे करून आले. मी एका शनिवारी पहाटे उठलो, उत्सुनोमियाची ट्रेन पकडली आणि तिथून बसने मोतेगीला गेलो. तिथे डोंगरात होंडाचं रेसिंग सर्किट आहे आणि त्याच्याच आवारात होंडा कलेक्शन हॉल नावाचं संग्रहालय.

आता तुम्ही म्हणाल, जपानला जाऊन होंडाच बघायची होती तर पुण्यात एफसी रोडला उभं राहायचं. मान्य. पण माझं जरा वेगळं आहे. माझ्या मामाचं नाना पेठेत दुचाकीचं गॅरेज होतं. शाळेतल्या सगळ्या मोठ्या सुट्ट्या मी तिथे काढल्या. काम काय, तर पाना हातात देणं, पार्ट रॉकेलमध्ये धुणं आणि चहा आणणं. पुढे सॉफ्टवेअरमध्ये आलो खरा, पण एखादं इंजिन उघडं दिसलं की पाय आपोआप थांबतात.

तर तिथे पाय थांबले ते एका लालभडक, टपाशिवायच्या, दोन सीटच्या गाडीपाशी. होंडा एस ६००. साल १९६४. पहिली गोष्ट जाणवली ती आकार. आपली टाटा नॅनो आठवते ना? तिच्यापेक्षा ही जेमतेम वीतभर लांब आणि रुंदीला तर तिच्याहूनही बारीक! मी वाकून आत डॅशबोर्ड बघितला. वेगाच्या काट्याशेजारी दुसरी तबकडी, इंजिनच्या फेऱ्यांची. तिच्यावरचा लाल पट्टा सुरू होत होता ९,५०० वर.

मी परत वाचलं. साडेनऊ हजार. १९६४ साली. रस्त्यावर चालवायच्या गाडीत.

ज्यांना हा आकडा काहीच सांगत नाही त्यांच्यासाठी: आपल्याकडे त्याच सुमारास कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनत होती, पुढे जिची प्रीमियर पद्मिनी झाली ती. तिचं इंजिन १,०८९ सीसीचं, ताकद चाळीस-पन्नास अश्वशक्तीच्या दरम्यान, आणि पाच हजार फेऱ्यांच्या आसपास तिचा जीव मेटाकुटीला यायचा. एस ६०० चं इंजिन तिच्या जवळपास निम्मं, ६०६ सीसी. ताकद? ५७ अश्वशक्ती, ८,५०० फेऱ्यांवर. गाडीचं वजन सातशे किलोच्या आसपास आणि वेग ताशी १४५ किलोमीटर.

हे असलं इंजिन कोण आणि का बनवतं? हॉटेलवर आलो आणि दोन रात्री वाचत बसलो. जे सापडलं ते नुसत्या इंजिनपेक्षा जास्त रंजक निघालं.

टपरीचं गणित

आधी थोडं गणित, पण सोपं.

इंजिनची ताकद म्हणजे साधारणपणे दोन गोष्टींचा गुणाकार. एका फेऱ्यात किती जोर मिळतो आणि मिनिटाला किती फेरे होतात. चहाची टपरी डोळ्यांसमोर आणा. गल्ला म्हणजे एका कपाचा भाव गुणिले कप. मोठ्या हॉटेलात कपाचा भाव जास्त, म्हणून कमी कप विकूनही भागतं. टपरीवाल्याला भाव वाढवता येत नाही, मग त्याच्याकडे एकच उपाय: हात भराभर चालवायचा.

इंजिनमध्ये एका फेऱ्याचा जोर हा मुख्यतः सीसीवर ठरतो. सिलिंडरमध्ये जेवढी हवा मावते तेवढंच पेट्रोल जाळता येतं. ६०६ सीसीत हवा मावून मावून किती मावणार? म्हणजे हात भराभर चालवणं आलं. पण कोणत्याही टपरीवाल्याला विचारा, वेग दुप्पट केला की कटकटी दुप्पट होत नाहीत, चौपट होतात. इंजिनमध्ये हे अक्षरशः खरं आहे. पिस्टन वर-खाली करताना जे झटके बसतात ते फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात.

एस ६०० च्या पिस्टनची धाव ६५ मिलीमीटर. साडेनऊ हजार फेऱ्यांना क्रँकचा एक फेरा पुरा व्हायला लागतात ६.३ मिलीसेकंद. आपल्या डेटाबेसची एक साधी क्वेरी यापेक्षा जास्त वेळ घेते! पिस्टनचा सरासरी वेग निघतो सेकंदाला २०.६ मीटर, म्हणजे ताशी ७४ किलोमीटर. आणि हा वेग तो सेकंदाला तीनशेपेक्षा जास्त वेळा पूर्ण थांबून, उलटा फिरून गाठतो. समजा पिस्टन २०० ग्रॅमचा धरला, तर वरच्या टोकाला त्याला परत ओढून आणायला साडेसहाशे किलोच्या वर जोर लागतो. एवढा सगळा ताण एका बोटभर जाडीच्या पिनवर.

म्हणून बहुतेक कंपन्या या वाटेला जात नसत. जास्त ताकद हवी? सीसी वाढवा. इंग्लंडमध्ये एमजीवाल्यांनी तेच केलं. त्यांची एमजीबी १,७९८ सीसीची, ताकद ९५ अश्वशक्ती. शांत, साधं, गावातल्या कुठल्याही गॅरेजमध्ये दुरुस्त होणारं इंजिन.

मग होंडानेच हा उलटा रस्ता का धरला? कारण त्यांना दुसरा रस्ता येत नव्हता.

मोटरसायकलवाल्यांची गाडी

सोइचिरो होंडा हा माणूस लोहाराचा मुलगा. औपचारिक शिक्षण बेताचं, तोक्योच्या एका गॅरेजमध्ये उमेदवारी. १९३७ मध्ये पिस्टन रिंग बनवायला घेतल्या. टोयोटाला दाखवायला निवडून ५० रिंगा नेल्या तर त्यातल्या फक्त ३ पास झाल्या. रिंगांसाठी हा गृहस्थ तिशीत धातुशास्त्र शिकायला तंत्रशाळेतही जाऊन बसला. होंडा मोटर कंपनी सुरू झाली १९४८ मध्ये. दुसऱ्याच वर्षी ताकेओ फुजिसावा भागीदार म्हणून आले. वाटणी स्पष्ट होती. होंडासाहेब इंजिन बघणार, फुजिसावा पैसा आणि विक्री बघणार. एकमेकांच्या ताटात हात नाही. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

१९५४ मध्ये होंडासाहेबांनी जाहीर करून टाकलं की आम्ही आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत उतरणार. त्याच वर्षी ते स्वतः ती शर्यत बघायला गेले आणि हबकले. तिथल्या जर्मन आणि इटालियन मोटरसायकली तेवढ्याच सीसीत यांच्यापेक्षा तिप्पट ताकद काढत होत्या. घरी येऊन लोक कामाला लागले. उत्तर तेच, टपरीवाल्याचं. सिलिंडर छोटे करा, फेरे वाढवा. १९५९ मध्ये पहिल्यांदा उतरले, १२५ सीसी गटात सहावा क्रमांक आणि सांघिक बक्षीस. १९६१ मध्ये १२५ आणि २५० या दोन्ही गटांत पहिले पाचच्या पाच नंबर होंडाचे!

म्हणजे १९६१ साली या कंपनीला जगात कुणापेक्षाही चांगली अशी एकच गोष्ट येत होती: छोटं इंजिन न फुटता प्रचंड वेगाने फिरवणं. चारचाकी मात्र त्यांनी एकही विकली नव्हती.

आणि नेमका त्याच वर्षी सरकारने दरवाजा लावायला घेतला.

दरवाजा बंद होण्याआधी

आपण लायसन्स राज म्हटलं की फक्त आपल्याकडचं समजतो. पण जपानचं व्यापार आणि उद्योग मंत्रालय, ज्याला जग 'मिती' म्हणायचं, तेही काही कमी नव्हतं. परदेशी गाड्यांना बाजार उघडायची वेळ जवळ येत होती. अमेरिकन कंपन्यांपुढे आपल्या छोट्या कंपन्या टिकणार कशा, ही त्यांची काळजी. त्यावर १९६१ मध्ये तोडगा काढला की असलेल्या मोटार कंपन्यांचे तीन गट पाडायचे, प्रत्येकाला काम वाटून द्यायचं आणि नव्या कंपनीला मंजुरीशिवाय आत येऊ द्यायचं नाही. त्यासाठी कायदा करायचा.

होंडासाहेब खवळले. मंत्रालयात जाऊन भांडले. गाड्या बनवायचा हक्क मला आहे आणि तो काढून घेणारे तुम्ही कोण, असा एकूण सूर. पण भांडून कायदा थांबेल याची खात्री काय? कायदा येण्याआधी आपण 'मोटार बनवणारी कंपनी' आहोत असं दाखवता आलं पाहिजे, नाहीतर कायमचं बाहेर.

जानेवारी १९६२ मध्ये हुकूम निघाला: गाडी करा. आणि ५ जून १९६२ रोजी, म्हणजे जेमतेम पाच महिन्यांनी, सुझुका इथल्या अजून पूर्ण न झालेल्या सर्किटवर देशभरातून आलेल्या होंडा विक्रेत्यांसमोर दोन नमुने ठेवले गेले. एक छोटा ट्रक टी ३६० आणि दुसरी छोटी स्पोर्ट्स कार एस ३६०. स्पोर्ट्स कार चालवत आणली खुद्द सोइचिरो होंडांनी.

पाच महिने! आपल्याकडे पाच महिन्यांत रिक्वायरमेंटची कागदपत्रं सही होऊन येत नाहीत.

पाच महिन्यांत नवीन विद्या शिकता येत नाही. जी हातात असते तीच वापरावी लागते. त्यामुळे गंमत अशी झाली की त्यांनी एक शर्यतीचं इंजिन, चार मोटरसायकली शेजारी शेजारी बसवाव्यात तसं रचलं आणि तेच दोन्हीकडे घातलं. ऑगस्ट १९६३ मध्ये टी ३६० बाजारात आला. होंडाची विकली गेलेली पहिली चारचाकी म्हणजे हा ट्रक. भाजीची टोपली वाहायचा टेम्पो, आणि त्याला चार कार्बोरेटर, दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट, ३० अश्वशक्ती ८,५०० फेऱ्यांवर. मार्केट यार्डात असा टेम्पो किंचाळत शिरतोय अशी कल्पना करून बघा.

एस ३६० तशीच विक्रीला आली नाही. तिचं इंजिन वाढवून ५३१ सीसीचं केलं आणि ऑक्टोबर १९६३ मध्ये एस ५०० आली. ४४ अश्वशक्ती, ८,००० फेऱ्यांवर. त्याआधी कंपनीने वर्तमानपत्रांतून लोकांना गाडीची किंमत ओळखायला सांगितली, तर पन्नास लाखांच्या वर उत्तरं आली. बरोबर उत्तर होतं ४ लाख ५९ हजार येन. रंगाचंही एक भांडण झालं. लाल रंग आगीच्या बंबांसाठी राखीव, खासगी गाडीला चालणार नाही, असा तेव्हा नियम होता. होंडासाहेबांनी त्याविरुद्ध वर्तमानपत्रात लिहिलं, कंपनीच्या लोकांनी मंत्रालयात खेटे घातले आणि परवानगी मिळवली. मी मोतेगीला बघितली ती लाल म्हणूनच लाल.

आणि तो कायदा? १९६३ मध्ये संसदेत मांडला गेला, रखडला आणि १९६४ मध्ये बारगळला. म्हणजे ज्या भीतीपोटी एवढी धावपळ केली ती भीती प्रत्यक्षात आलीच नाही. पण तोपर्यंत गाडी रस्त्यावर होती. १९६४ च्या मार्चमध्ये एस ६०० आली आणि जपानबाहेरही जाऊ लागली.

आत काय आहे

आता मुख्य माल. साडेनऊ हजार फेरे मारायचे तर चार ठिकाणी इंजिन दगा देतं. होंडाने चारही ठिकाणी मोटरसायकलची उत्तरं दिली.

पहिलं, व्हॉल्व्ह. जुन्या पद्धतीच्या इंजिनात कॅमशाफ्ट खाली असतो. त्याचा निरोप आधी एक लांब दांडी वर नेते, ती रॉकरला सांगते, रॉकर व्हॉल्व्हला दाबतो. निरोप्ये जितके जास्त, तितका निरोप उशिरा पोचतो. फेरे फार वाढले की स्प्रिंग व्हॉल्व्हला वेळेत परत ओढू शकत नाही, व्हॉल्व्ह तरंगत राहतो आणि खालून पिस्टन येऊन आपटतो. मग इंजिन उघडायचं आणि डोक्याला हात लावायचा. होंडाने दोन्ही कॅमशाफ्ट थेट डोक्यावर नेऊन ठेवले. निरोप्ये कमी, वजन कमी.

दुसरं, श्वास. चार सिलिंडरला एक कार्बोरेटर म्हणजे वाड्यात चार बिऱ्हाडांना एक नळ. सकाळच्या घाईत भांडणं ठरलेली. होंडाने प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र नळ दिला, म्हणजे चार केहिन कार्बोरेटर. शर्यतीच्या मोटरसायकलीला बहुधा सिलिंडरमागे एक कार्बोरेटर असायचा, यांना ते नैसर्गिक वाटलं असणार. चारही एका तालात लावणं हे मात्र कानाचं काम.

तिसरं, उष्णता आणि वजन. ब्लॉक आणि हेड दोन्ही अॅल्युमिनियमचे, पाण्याने थंड होणारे. इंजिन एका अंगावर ४५ अंश कलतं बसवलं, म्हणून बॉनेट इतकं खाली आणता आलं.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि तिथेच मला मामा आठवला.

साध्या मोटारीत क्रँक एकसंध असतो आणि तो गुळगुळीत धातूच्या अर्धगोल वाट्यांमध्ये, तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. कनेक्टिंग रॉडचं खालचं तोंड दोन तुकड्यांचं, बोल्टने आवळलेलं. झिजलं तर बोल्ट काढा, वाटी बदला. होंडाने तसं केलं नाही. त्यांनी सुईसारख्या बारीक रोलरची बेअरिंग वापरली. घर्षण कमी, तेलाच्या दाबावर भिस्त कमी. पण अशा बेअरिंगसाठी रॉडचं तोंड अखंड कडं असावं लागतं, आणि अखंड कडं एकसंध क्रँकवर चढवणार कसं? मग क्रँकच तुकड्यांत बनवायचा आणि रॉड ओवून प्रेसखाली दाबून जोडायचा.

मी हे वाचून तिथूनच मामाला फोन लावला. वय झालंय, गॅरेज बंद करून बरीच वर्षं झाली. इंजिनची चित्रं आधीच पाठवली होती.

"अरे, हा तर आपल्या गाड्यांसारखाच क्रँक आहे," मामा म्हणाला. "आरएक्स हंड्रेडचा, स्प्लेंडरचा, सगळ्यांचा असाच. रॉड गेला की लेथवाल्याकडे प्रेसवर क्रँक फोडायचा, नवीन रॉड किट घालायचं, परत दाबायचा आणि डायल लावून सरळ करायचा. केसाइतका जरी तिरका राहिला तरी गाडी थरथरते."

"मामा, पण हा चार सिलिंडरचा आहे."

जरा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला, "चारही रॉड एका क्रँकवर? सगळे तुकडे एका रेषेत? एक सरळ करायला मला अर्धा दिवस लागायचा रे. हे ज्याने केलं तो हुशार आहे. पण ज्याला दुरुस्त करायचंय त्याचं काय?"

मामाने दोन मिनिटांत त्या इंजिनचं बलस्थान आणि दुखणं दोन्ही सांगून टाकलं. एमजीवाल्याचं इंजिन खेड्यातला मेकॅनिक उघडू शकत होता. होंडाचं इंजिन उघडायला होंडाच लागायची.

तीच गोष्ट मागच्या चाकांची. एस ६०० च्या दोन्ही मागच्या चाकांना चक्क साखळ्या होत्या, तेलाने भरलेल्या बंद पेट्यांत. त्या पेट्याच सस्पेन्शनचे हात म्हणूनही काम करायच्या. मोटरसायकलवाल्याला चाक फिरवायचं म्हणजे साखळी, दुसरं सुचणार काय? अॅक्सिलरेटर दाबला की गाडीचा पार्श्वभाग वर उचलला जायचा. १९६६ मध्ये ७९१ सीसीची एस ८०० आली, ७० अश्वशक्तीची, ताशी १६० किलोमीटर जाणारी. तिच्या सुरुवातीच्या गाड्यांनंतर साखळ्या गेल्या आणि चारचौघांसारखा अॅक्सल आला. १९७० मध्ये या घराण्याचं उत्पादन थांबलं.

माझ्याकडचा प्रेस

इथे थोडं स्वतःचं सांगतो, कारण हा लेख लिहायचं खरं कारण तेच आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका कंपनीत असताना आम्हाला एका क्लायंटपुढे डेमो करायचा होता. हातात सहा आठवडे. बाजारातली तयार लायब्ररी हळू पडत होती. मला तेव्हा एकच गोष्ट चांगली यायची, सी प्लस प्लसमध्ये मेमरीशी खेळणं. मी मेसेज वाचणारा अख्खा भाग हाताने लिहिला. स्वतःचा मेमरी पूल, स्वतःच्या युक्त्या. तिप्पट वेग मिळाला. डेमो जिंकलो, प्रोजेक्ट मिळाला. माझी कॉलर ताठ.

नंतर चार-पाच वर्षं तो कोड चालला. मग टीममध्ये आलेल्या दोन नव्या मुलांनी सुचवलं की आता लायब्ररी सुधारल्यात, मशीन स्वस्त झाल्यात, हा भाग बदलू या. मी नाही म्हटलं. वर्षभर नाही म्हणत राहिलो. प्रत्येक वेळी माझ्याकडे वेगाचे आकडे तयार असायचे. मग एका रात्री सिस्टिम बसली. मी मावसभावाच्या लग्नाला कोकणात, फोनला रेंज नाही. त्या दोघांनी रात्रभर तो कोड उघडायचा प्रयत्न केला. जमलं नाही. जमणारच नव्हतं. प्रेस फक्त माझ्याकडे होता.

सकाळी रेंज मिळाल्यावर त्यांच्यातल्या मुलीशी बोललो. ती चिडली नव्हती, नुसती थकली होती. म्हणाली, "सर, कोड मस्त आहे. पण तो तुमचा आहे, आमचा नाही." त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

अध्यक्ष की इंजिनियर?

होंडासाहेबांवरही अशी वेळ आली, अर्थात फार मोठ्या प्रमाणात.

एस घराण्याचं इंजिन पाण्याने थंड होणारं होतं, पण होंडासाहेबांचं मन मोटरसायकलीत. त्यांचं म्हणणं, पाणी तरी शेवटी हवेनेच थंड होतं ना? मग सरळ हवेनेच इंजिन थंड करा. १९६८ मध्ये हवेने थंड होणारी फॉर्म्युला वन गाडी आरए ३०२ फ्रान्सच्या शर्यतीत उतरवली. तयार नाही म्हणणारे लोक होते. ७ जुलैला रुआँच्या सर्किटवर ती उलटून पेटली आणि चालक जो श्लेसर जागीच गेला. पुढच्या वर्षी होंडा १३०० ही हवेने थंड होणारी मोटार आली. तिच्या ताकदवान आवृत्तीला परत चार कार्बोरेटर आणि ११५ अश्वशक्ती. अफलातून, आणि अवजड, महाग, किचकट. फारशी खपली नाही.

तोवर अमेरिकेत धुराचे कडक नियम येऊ घातले होते. कंपनीतले तरुण इंजिनियर, त्यांत पुढे १९८३ मध्ये कंपनीचे अध्यक्ष झालेले तादाशी कुमेही होते, सांगत होते की स्वच्छ धूर हवा तर सिलिंडरचं तापमान काबूत हवं आणि त्यासाठी पाणीच लागेल. होंडासाहेब ऐकेनात. ज्या माणसाच्या हट्टाने कंपनी उभी राहिली त्याला तुमचं चुकतंय हे सांगणार कोण?

शेवटी फुजिसावा गेले. इतकी वर्षं त्यांनी इंजिनच्या बाबतीत तोंड उघडलं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, की तुम्ही कंपनीचे अध्यक्ष म्हणून राहणार की इंजिनियर म्हणून? होंडासाहेब थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, अध्यक्ष म्हणून. मग त्या मुलांना पाण्याचं इंजिन करू द्याल ना? दिलं.

त्यातून १९७२ मध्ये सिव्हिक आली आणि स्वच्छ धुराचं सीव्हीसीसी इंजिन आलं. अमेरिकेचे नवे नियम पाळणारं ते पहिलं इंजिन. होंडासाहेब म्हणत होते, आता आपण अमेरिकन कंपन्यांना हरवू. तरुण इंजिनियर म्हणाले, आम्ही कुणाला हरवायला नाही, समाजासाठी करतोय. हे ऐकून आपली वेळ झाली असं वाटल्याचं त्यांनी नंतर सांगितलं. १९७३ मध्ये होंडा आणि फुजिसावा दोघेही एकदमच निवृत्त झाले. वय ६६ आणि ६२.

१९६२ मध्ये पाच महिन्यांत गाडी उभी राहिली ती याच हट्टामुळे. दहा वर्षांनी तोच हट्ट आड येत होता. म्हणून मला एस ६०० चं इंजिन चुकीचं होतं असं म्हणवत नाही. त्या वेळी, त्या घाईत, त्या लोकांना दुसरं काही करताच आलं नसतं, आणि जे केलं ते अप्रतिम केलं. माझ्या त्या कोडबद्दलही मला आता तसंच वाटतं. लिहिला हे चुकलं नाही. नंतर मुलांना वर्षभर अडवलं, ते चुकलं.

तो भाग पुढे त्या दोघांनीच बदलला. वेग जरासा कमी झाला, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

जाता जाता एक गंमत. १९९९ मध्ये होंडाने परत एक टपाशिवायची, दोन सीटची गाडी काढली, एस २०००. इंजिन १,९९७ सीसी, लाल पट्टा ९,००० वर. पिस्टनचा सरासरी वेग काढला तर सेकंदाला २५ मीटर, म्हणजे एस ६०० पेक्षाही जास्त. पण आत सुईची बेअरिंग नाहीत आणि तुकड्यांचा क्रँकही नाही. एकसंध क्रँक, तेलावर तरंगणारा, साध्या वाट्यांचा. कुठल्याही चांगल्या गॅरेजला उघडता येईल असा. पस्तीस वर्षांत ते आवाज न सोडता प्रेस सोडायला शिकले!

परत आल्यावर मामाला भेटायला गेलो. तो यूट्यूबवर एस ६०० चा आवाज ऐकत बसला होता. चष्मा कपाळावर, मोबाईल कानाला. पूर्वी तो गॅरेजमध्ये सारखं बजावायचा की इंजिन ओरडायला लागलं की समजायचं, त्याचं आयुष्य कमी होतंय. त्याची आठवण करून दिली.

"खरंय ते," मामा म्हणाला. "पण काय ओरडतंय बघ ना! परत लाव."

असो. लेख फार लांबला. सोमवारी ऑफिस आहे.